वीतभर जास्त

रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला दाराची बेल वाजली आणि वहिनीनं एप्रनला हात पुसले. बोलावणं तिनंच धाडलं होतं, तेही नवऱ्याला न विचारता. तेव्हा दार उघडायलाही तिलाच जाणं भाग होतं.

दारात धाकटी नणंद उभी होती. तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली, टोपी हातात धरून साहेब. अकरा वर्षांत या माणसानं हा उंबरा ओलांडला नव्हता. धाकटी यायची, आईजवळ बसायची, चहा प्यायची, जायची. नवरा मात्र कोपऱ्यावर गाडीत पेपर वाचत थांबायचा. जावई कर खात्यात तपासनीस, म्हणून वहिनीच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, लग्नानंतर कौतुकानं 'साहेब' नाव ठेवलं होतं. पुढे अप्पांच्याच रिटर्नचं ऑडिट निघालं आणि तेच नाव घरात शिवीसारखं उच्चारलं जाऊ लागलं.

"या भावोजी," वहिनी म्हणाली. "बूट राहू देत, तसेच या."

"दादाला माहीत आहे ना?" धाकटीनं हळूच विचारलं.

"कळेल आता."

"वहिनी!"

"अगं, आधी सांगितलं असतं तर हे सकाळीच फोम आणायला म्हणून बाहेर पडले असते. मग बसलो असतो आपण एकमेकांची तोंडं बघत."

घर वरच्या मजल्यावर, खाली कारखाना. सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवायचं काम या घरात तीन पिढ्या चाललं होतं, त्यामुळे चिकटद्रव्याचा वास जिन्यातून वर येऊन पडद्यांत मुरला होता. जिन्याच्या वळणावर साहेब क्षणभर थांबले आणि त्यांनी तो वास छातीभर घेतला. ते वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. आणि बाई गं, तिला एकदम रडूच यायला लागलं. तिनं ते गिळलं. रडायला अख्खा दिवस पडला होता.

जेवणाच्या टेबलावर दादा रिटर्नचा कागद पसरून बसला होता, कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा. समोर लेक कॉम्प्युटर उघडून बसलेली. पोरगी सव्वीस वर्षांची, तीन माणसांचा सोफा एकटी जिन्यावरून उतरवते, पण घरात नाव अजून छकुलीच. खिडकीपाशी आई, कानात मशीन घालून, लोकरीचा गुंडा सोडवत.

दादानं मान वर केली. साहेबांना पाहिलं. पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली.

"कोणी बोलावलं?"

"मी," वहिनी म्हणाली.

छकुलीनं बापाकडे पाहिलं, मग आईकडे, मग कॉम्प्युटरकडे, जणू सगळी माहिती तिथेच येणार होती.

"जावईबापू!" खिडकीतून आईचा आवाज आला. "अरे, खुर्ची द्या त्यांना! खुर्च्यांचा धंदा करता आणि घरच्या माणसाला उभं ठेवता, लाज नाही वाटत?"

आईपुढे दादाचं कधी काही चाललं नव्हतं. त्यानं पायानंच शेजारची खुर्ची पुढे ढकलली. साहेब बसले, अगदी कडेवर.

"तपासायला आलात?" दादानं विचारलं.

"निवृत्त झालो. तीन महिने झाले. आता फक्त हिच्या किराणाच्या यादीची तपासणी करतो."

छकुली फिसकन हसली आणि बापाचा चेहरा बघून गप्प झाली.

दादाचा राग वहिनीला कळत नव्हता असं नाही. अकरा वर्षांपूर्वी खात्याची माणसं आली, वह्या घेऊन गेली आणि चार महिने घरात जेवण धड कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. हॉटेलचं मोठं काम हातचं गेलं. अप्पांचा कापड कापणारा हात थरथरायला लागला तो कायमचा. दोन वर्षांनी ते गेले. 'घरभेदी' हा शब्द त्यांनी जावयाला तोंडावर ऐकवला होता, आणि जावई एक अक्षर न बोलता उठून गेला होता. न बोलणं म्हणजेच कबुली, असा सगळ्यांनी अर्थ लावला. खरं सांगायचं तर वहिनीनंही लावला होता.

आणि आता रिटर्न भरायची उद्या शेवटची तारीख. पुढच्या महिन्यात कारखाना छकुलीच्या नावावर व्हायचा होता, तिच्या नावानं नाट्यगृहाच्या चारशे खुर्च्यांचं काम सुरू व्हायचं होतं. आत्ता कुठून नोटीस आली तर वह्या पुन्हा खात्यात, काम दुसऱ्याच्या घशात, आणि दादाचा हात? गेले तीन आठवडे तो रात्री उठून पाणी प्यायचा आणि वहिनी झोपेचं सोंग घेऊन पडायची. त्या सोंगाचा कंटाळा आला, म्हणून तिनं धाकटीला फोन केला होता.

"मला एवढंच हवंय," ती आता सगळ्यांदेखत म्हणाली, "की हा कागद बघून भावोजींनी सांगावं, ऑडिटची बिलामत आपल्या दारी येऊ नये म्हणून काय करायचं. मग हवं तर मला बोला. पण आधी कागद."

"युक्ती सांगतील ते," दादा म्हणाला. "आतल्या माणसाला युक्त्या ठाऊक असतात."

"एकही नाही," साहेब म्हणाले. "असती तर अप्पांना नसती सांगितली?"

दादानं कागद सरकवला. हळू सरकवला, पण सरकवला.

साहेबांनी चष्मा पुसला. कागद वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. "कापड, चाळीस हजार. फोम, पंचवीस हजार. खिळे आणि पट्टे, पाच हजार. वीज, दहा हजार. दादा, हे आकडे आले कुठून?"

"डोक्यातून. तीस वर्षं धंदा करतोय, मला अंदाज आहे."

"आणि एकूण एक आकड्याच्या शेवटी शून्य?"

"वीतभर जास्त धरलंय." दादाला यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. "अप्पांनी शिकवलंय. कापड मापाच्या वीतभर जास्त कापावं. जास्त झालं तर दुमडता येतं, कमी पडलं तर कुठून आणायचं?"

"अहो, पण हे कापड नाही!"

"चोरी नाही करत मी! कमाईतही वीतभर जास्त धरलंय. बघा की. सरकारचंही नुकसान नको."

साहेबांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. आणि हसायला लागले. आधी खांदे, मग पोट. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षांत कमाई लपवणारे खंडीभर पाहिले. कमाईला मार्जिन सोडणारा माणूस पहिल्यांदा पाहतोय!"

धाकटीही हसली. मग छकुली. आईनं काही न कळूनही हसून घेतलं. दादाच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यानं तो सावरला.

"ऐका," साहेब डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही ज्यांच्या खुर्च्या करता, ती हॉटेलं, ते दवाखाने, तेही खात्याला कळवतात की आम्ही अमक्याला इतके दिले. तिथे आकडा वेगळा, तुमच्याकडे वेगळा. जास्त असला तरी वेगळाच. मशीनला तुमचं मोठं मन कळत नाही, तिला फक्त जुळत नाही एवढं कळतं. त्यात सगळीकडे शून्यं. खरा खर्च कधी असा गुळगुळीत असतो का? खिळ्यांच्या दुकानात कधी बरोबर पाच हजार झालेत?"

"कधीच नाही," छकुली म्हणाली. "तो बावळट कायम सुट्ट्यासाठी अडवतो."

"आणि ही गाडी. पूर्ण खर्च धंद्याचा लिहिलाय. आईंना दर आठवड्याला डॉक्टरांकडे कोण नेतं?"

"गाडीच नेते," आई म्हणाली. हे तिला बरोबर ऐकू आलं.

"मग तेवढा भाग घरचा. उलट ही शिलाईची मशीन? नवी घेतलेली दिसली मला जिन्यातून. ती कुठे आहे यात?"

"मोठी रक्कम बघून डोळ्यावर येईल म्हणून सोडली," दादा पुटपुटला.

"घ्या! जे खरं ते भिऊन सोडलं आणि जे अंदाजाचं ते बिनधास्त लिहिलं. मशीन लिहा, सोबत पावती आणि दोन ओळींचा खुलासा जोडा. खऱ्याला भ्यायचं कारण नाही. हे पाहा, ऑडिट येणारच नाही असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. कधी कधी नुसती चिठ्ठी उचलल्यासारखी पाळी येते. पण आपण होऊन दार उघडून हाका मारायच्या नाहीत. आणि आलेच, तर चहा देऊन कागद पुढे ठेवता आले पाहिजेत. पण खरे आकडे आता आणायचे कुठून? एका दिवसात?"

दादानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

वहिनी उठली. आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे छातीशी धरून बाहेर आली. गेल्या वर्षीचे तीन. असे डबे कपाटावर छतापर्यंत रचलेले होते, लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासूनचे. नवी सून असताना तिच्या हातून एक पावती हरवली होती आणि अप्पा असे काही बोलले होते की त्यानंतर तिनं एक कपटा टाकला नव्हता. पावतीमागे लिहूनही ठेवायची, कुणासाठी, कशासाठी. दादा चेष्टा करायचा, बायकोला बिस्किटांपेक्षा डब्याची भूक. रिटर्न भरताना त्यानं एकदाही त्यात डोकावलं नव्हतं.

साहेबांनी पहिला डबा उघडला. वरची पावती उलटी करून वाचली. "'डॉक्टरीणबाईंची आरामखुर्ची. डावा हात. मांजरानं फाडलेला.'" दुसरी उचलली. "'खिळे, एक नंबर बारीक. दुकानदारानं सुट्टे दिले नाहीत, गोळ्या दिल्या.'" त्यांनी डबा दोन्ही हातांनी अलगद टेबलावर ठेवला. "वहिनी, हे तुम्ही ठेवलंत?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं?" साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या टेबलावर असे कागद बत्तीस वर्षांत तीन-चारदा आले असतील. ज्या घरात हे असेल, तिथे तपासायला आलेला माणूस नमस्कार करून परत जातो."

वहिनीला कुठे बघावं ते कळेना. या घरात तिच्या कामाला कुणी वाईट म्हटलं नव्हतं, पण चांगलं म्हणायचंही कुणाला कधी सुचलं नव्हतं. दादा तिच्याकडे बघत होता, जणू ही बाई आपल्या घरात कधीपासून राहते हेच त्याला नव्यानं कळत होतं.

मग कामाला सुरुवात झाली. धाकटी पावत्या लावून द्यायची, साहेब वाचायचे, छकुली टाइप करायची. कापड, सदतीस हजार दोनशे अठरा. खिळे आणि पट्टे, चार हजार एकशे त्रेपन्न. दुपारी वहिनीनं सगळ्यांच्या हातात कपबशा दिल्या आणि एप्रनच्या खिशावर हात ठेवून जरा लांबच उभी राहिली.

खिशात एक पावती होती. सकाळी डब्यातून तिनंच काढली होती. हिरवं रेक्झीन, सव्वीस मीटर. मागे तिच्याच अक्षरात: 'क्लबच्या अठरा खुर्च्या.' त्या अठरा खुर्च्यांचे पैसे क्लबच्या मॅनेजरनं रोख दिले होते, नोंद नको म्हणून. दादानं कापडाच्या आकड्यात रेक्झीन धरलं होतं, पण खुर्च्यांची कमाई कागदावर नव्हती. ती पावती टेबलावर ठेवली तर नवऱ्याची अब्रू जाणार, तीही अकरा वर्षं ज्याला घरभेदी म्हटलं त्याच्यासमोर. न ठेवली तर हा सगळा खटाटोप फुकट. रेक्झीनच्या दुकानाकडे विक्री आहे, क्लबमध्ये मढवलेल्या खुर्च्या आहेत, आणि मध्ये आपलं भोक. सकाळपासून तिचा हात पुन्हा पुन्हा त्या खिशाकडे जात होता.

"हे काय?" छकुलीनं डब्यांबरोबर आलेली एक जुनी फाईल उघडली. "हे तर आजोबांचं रिटर्न. ऑडिट झालेलं तेच ना?"

कुणी नको म्हणायच्या आत साहेबांनी ते हातात घेतलं. वाचत राहिले. मग काही न बोलता ते दादाच्या रिटर्नशेजारी ठेवलं.

दादा वाकला. कापड, वीस हजार. फोम, पंधरा हजार. खिळे, दोन हजार. कमाई, तीही गुळगुळीत. खालपर्यंत नुसती शून्यं, एकाखाली एक, दोन्ही कागदांवर सारखी.

"मी तेव्हा वरिष्ठांना लिहून दिलं होतं," साहेब म्हणाले, "की हे माझे सासरे आहेत, मला या फाईलपासून लांब ठेवा. फाईल कशी निघाली ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आणि कुठल्याही फाईलबद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही असा नियम. अप्पांनाही नाही सांगता आलं."

"तू मलासुद्धा नाही सांगितलंस," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अकरा वर्षं मी गाडीत बसवून ठेवलं तुला."

"पेपर वाचून व्हायचा," साहेब म्हणाले.

खिडकीपाशी आईनं लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "खात्याला आमच्याच शून्यांनी बोलावलं होतं. आणि आम्ही बोल लावला तुम्हाला. माफ करा हो जावईबापू. मी म्हातारी आहे, मला उठता येत नाही, नाहीतर उठून म्हटलं असतं."

"आई, असं नका बोलू."

"बोलू दे मला. बोलायला माणूस समोर आला तरी आज."

दादानं ते दोन कागद एकमेकांवर ठेवले. मग त्यानं चष्मा काढला आणि टेबलाकडे बघतच म्हणाला, "एक काम राहिलंय लिहायचं. क्लबच्या अठरा खुर्च्या. रोख घेतले. नोंद नको म्हणाला, मीही म्हटलं नको. झोप तिथेच गेली माझी, शून्यांमुळे नाही." त्यानं साहेबांकडे पाहिलं. "घरभेदी तुम्हाला म्हटलं आम्ही. आणि घराला भोक मी पाडून बसलो होतो. आलात, फार उपकार केलेत."

वहिनीनं एप्रनच्या खिशातून पावती काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

दादानं ती वाचली. उलटी केली. "तुला माहीत होतं?"

"रेक्झीन मीच मापून घेतलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल का, ते बघत होते," ती म्हणाली, आणि सकाळपासून गिळलेलं रडू तिथे, सगळ्यांच्या देखत, बाहेर आलं. दादा उठून तिच्या शेजारी उभा राहिला. तीस वर्षांच्या संसारात त्यानं आईसमोर बायकोच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. आज ठेवला. "कपाटावरचे सगळे डबे," तो म्हणाला, "उद्यापासून खाली. छकुलीच्या टेबलावर. आणि अंदाज बंद."

चार वाजता छकुलीनं बटण दाबलं. कर आधीपेक्षा बराच जास्त निघाला. "म्हणजे तुमचं ऐकून मी जास्त भरायचे?" दादानं विचारलं.

"हो. आणि झोपायचं."

"स्वस्तात पडलं," दादा म्हणाला.

निघताना आई सोडून सगळे कारखान्यात उतरले. मागच्या भिंतीशी, जुन्या चादरीखाली, एक खुर्ची होती. साहेबांची वाचायची खुर्ची. भांडणाच्या आदल्या आठवड्यात मढवायला आलेली, तेव्हापासून नुसता सांगाडा होऊन पडलेली. अप्पांनी ती परत पाठवली नाही, कुणी मागितली नाही, आणि कुणी टाकूनही दिली नाही. दादानं चादर ओढली. धाकटीनं तोंडावर हात ठेवला.

दादानं टेप काढला, पाठ मापली, बैठक मापली. मग फळीवरून निळ्या कापडाचं चांगलं ठाण उतरवलं, खडूनं रेघ मारली, आणि रेघेच्या पुढे आपली वीत ठेवून पुन्हा एक रेघ मारली.

"इथे चालतं ना वीतभर जास्त?" त्यानं विचारलं.

"इथे चालतं," साहेब म्हणाले. "पण पैसे मी देणार. पावतीसकट."

"जावयाकडून पैसे? आई वरून उडी मारेल."

"मग फुकटचं काम असेल तर एक लक्षात ठेवा. हे कापड धंद्याच्या खर्चात टाकायचं नाही हं."

"ऐकलंस ना?" दादानं बायकोकडे पाहून म्हटलं आणि कात्री उचलली. त्याचा हात अगदी स्थिर होता.

वहिनीनं निळ्या ठाणाला टाचलेली पावती काढली, उलटी करून कापायच्या टेबलावर ठेवली आणि मागे लिहिलं: 'भावोजींची खुर्ची. अडीच मीटर आणि वर एक वीत. हे घरचं आहे. खर्चात धरू नये.'